उभं राहायची जागा

हॅलिफॅक्सला दुपारी बारा वाजता टेकडीवरच्या किल्ल्यातून तोफ उडते. शहरात नवा आलेला माणूस दचकतो. जुना माणूस तोंडाशी नेलेला कॉफीचा कप तसाच पुढे नेतो. कबुतरं मात्र इतक्या वर्षांत काही शिकलेली नाहीत. ती रोज उडतात आणि रोज त्याच जागी परत येऊन बसतात.

टेकडीच्या उतारावर ग्रँड परेड नावाचा चौक आहे. एका टोकाला सिटी हॉल, दुसऱ्या टोकाला पांढरं लाकडी चर्च आणि दोन्हींच्या मध्ये युद्धस्मारक. करड्या दगडाचा चौथरा, त्यावर दूर कुठेतरी बघणारी ब्राँझची बाई. आज क्रेनच्या पाळण्यात उभे राहून दोन माणसं नाताळच्या उंच झाडाला दिव्यांच्या माळा गुंडाळत आहेत. चिरलेल्या पाइनचा ओला वास आहे. बंदरावरून वारा येतो आहे. खालच्या रस्त्यावर बस थांबते, दार फुसकन उघडतं, माणसं उतरतात आणि पांगतात. मी स्मारकाच्या पायऱ्यांकडे पाठ करून उभी आहे आणि इथून हलायचं नाही असं घरून ठरवून आले आहे.

सेरा येईल, किंवा येणार नाही. सेरा माझी मुलगी. दोन हिवाळ्यांपूर्वी ती कॅल्गरीला राहायला गेली. जाण्याआधी घरात जे बोललं गेलं ते पुन्हा लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून फोन वाजतो आणि न उचलता बंद होतो. काल संध्याकाळी तिचा मेसेज आला. ऑफिसच्या कामासाठी ती दोन दिवस हॅलिफॅक्समध्ये होती, हे मला त्या मेसेजमधूनच कळलं. आज दुपारच्या विमानाने ती परत जाणार होती. त्यापुढे इंग्रजीत 'जमलं तर, बाराला' आणि शेवटी रोमन लिपीत एकच मराठी शब्द. खुरसापाशी.

या शहरात खुरीस नाही. तो शब्द ओळखणारी घरातली तीन माणसं होती. आई गेल्यावर दोन उरलो.

खुरीस म्हणजे क्रूस. वसईला आमच्या वाडीत तीन रस्ते एकत्र येत, तिथे तो उभा होता. चुन्याने रंगवलेला, पायाशी तीन पायऱ्या, पायऱ्यांच्या कडा माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झालेल्या. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसे. केळीचे घड घेऊन जाणारी सायकल त्याला वळसा घाली, कोंबड्या त्याच्या सावलीत बसत. मे महिन्यात मात्र तो वाडीचा मालक होई. बायका त्याला नवा चुना देत. मोगऱ्याच्या लडी, रंगीत कागदाच्या पताका, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. संध्याकाळी सगळी वाडी त्याच्यासमोर गुडघ्यांवर येई आणि लादीन म्हटलं जाई. लादीन म्हणजे लांब सुरात गायची प्रार्थना. तिच्यातले निम्मे शब्द पोर्तुगीज होते आणि त्यांचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. प्रार्थना संपली की द्रोणातून उकडलेले चणे वाटत. मेण, मोगरा, रॉकेल आणि गरम चणे हा वास नंतर कुठे मिळाला नाही.

दुसरी गोष्ट घंटेची. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजे आणि वाडी जागच्या जागी थांबे. बाबा फावडं मातीत टेकवून टोपी काढत. आई चुलीपुढे असली तर पळी पातेल्यावर तशीच धरून उभी राही, आमटी उतू गेली तरी. कुणी चर्चकडे धावत नसे. घंटा झाली की जिथे असाल तिथेच थांबायचं, देवदूताच्या निरोपाची प्रार्थना मनात म्हणायची, कपाळ-छाती-खांद्यांवर क्रुसाची खूण करायची आणि हातातलं काम पुढे सुरू करायचं. रहाटाचे बैलही त्या वेळी थांबत. त्यांना कुणी शिकवलं होतं, ते आठवत नाही.

खुरसाच्या सणाला एकदा मी हरवले. शाळेत नुकती जाऊ लागले होते. बँड वाजत होता, शेजारच्या वाड्यांतली माणसं आली होती, आणि कुणाच्या तरी हातातला फिरता कागदी पंखा बघता बघता आईचा पदर सुटला. मी गर्दीतून धावत सुटले. विहिरीपाशी गेले, मांडवामागे गेले, जिथे इंद्यालची, सिरक्यातल्या तिखट मांसाची, पातेली होती तिथेही गेले. सगळीकडे पायच पाय. रडून रडून दिसेनासं झालं, तेव्हा लांबवर लाल रंग दिसला. आई खुरसाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती, लाल चौकटीच्या लुगड्यात, बत्तीच्या बरोबर खाली. तिने कुणाला हाक मारली नव्हती. ती शोधायलाही गेली नव्हती.

ती रागावली नाही. माझं नाक पदराने पुसत म्हणाली, "मी हलले असते तर तुला काय सापडलं असतं, बाय?"

खालच्या रस्त्यावर आणखी एक बस आली आहे. उतरणाऱ्यांत पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली एक मुलगी आहे. चाल सेराची, चेहरा नाही. ती सिटी हॉलकडे वळते. क्रेनवरचा एक जण वाकून मला विचारतो, वाट चुकलात का. मी म्हणते, नाही, थांबले आहे. तो सांगतो की खाली लायब्ररीत थांबलं तर हीटर आहे. मी त्याचे आभार मानते.

आईला आम्ही कॅनडाला आणलं तेव्हा विमान लिस्बनमध्ये बदलायचं होतं. मध्ये एक रात्र आणि अर्ध्याहून जास्त दिवस हाताशी होता. आम्ही तिघी होतो, आई, मी आणि सेरा. सेरा तेव्हा पाचवीत होती. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. वाडीतलं घर बंद केलं, किल्ली शेजारच्या मावशीकडे दिली, आणि त्यानंतर आई फारसं बोललीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती विमानात बसली होती आणि तिथे तिने एकच प्रश्न विचारला होता. परत जाणारं विमान कुठून सुटतं?

ती लुगडं नेसूनच निघाली होती. मी साडी सुचवली, सलवार-कमीज सुचवला. तिने ऐकलं नाही. तेव्हा मी माझं एक खरं केलं. टोरांटोहून मागवलेला लांब काळा कोट तिच्या अंगात चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. थंडीचं कारण होतंच. दुसरं कारण मी बोलले नाही, तिने विचारलं नाही. कोटाखाली लुगड्याची बोटभर कड दिसत होती. लिस्बनच्या हॉटेलातून निघताना ती कडही मी कोट ओढून झाकली.

सकाळी आम्ही रोसिओच्या चौकात गेलो. शहराचा मधला चौक. मध्ये उंच खांब, खांबावर राजा, दोन्ही बाजूंना कारंजी. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा बसवलेल्या. त्या इतक्या हुबेहूब आहेत की सपाट जमिनीवर पाय जपून पडतो. आईने विचारलं, जमीन हलते आहे का गं? सेरा हसली आणि एका लाटेवरून दुसरीवर उड्या मारत सुटली. नोव्हेंबर होता. गाड्यांवर चेस्टनट भाजत होते. मीठ लावलेल्या चेस्टनटचा जाड पांढरा धूर सगळ्या चौकावर पसरत होता. कोपऱ्यावरच्या ट्रामचा लोखंडी चीत्कार, कॉफी, ओली फुलं, कुठेतरी चेरीच्या दारूचा गोडसर वास. धुरात आईने एकदा मान वर केली. वाडीत पाचोळा जाळताना असाच धूर होतो, असं ती म्हणाली. घर सोडल्यापासून तिने केलेलं हे पहिलं लांब वाक्य होतं.

मग मी ट्रामचा थांबा बघितला, सेराचा हात धरला आणि चौक ओलांडायला लागले. आई दोन पावलं मागे होती. घंटा वाजली. मी ती ऐकली. घंटेसारखी घंटा, यापलीकडे मला काही वाटलं नाही. पलीकडच्या कडेला पोचून मागे वळले तेव्हा आई नव्हती.

पहिला काही वेळ भीती वाटत नाही. माणूस हसून मान उंचावतो, टाचा उंचावतो. चौकात काळे कोट होते. चालणारे, बसलेले, कारंज्यापाशी फोटो काढणारे. मी एका कोटाच्या खांद्याला हात लावला. वळलेला चेहरा पोर्तुगीज होता आणि चिडलेला होता. सेरा म्हणाली, "शी स्टॉप्ड, ममा. शी ऑल्वेज स्टॉप्स." मला वाटलं, मूल आपलं काहीतरी बोलतं आहे. तिचा हात इतका घट्ट धरला होता की तिने तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.

आईच्या फोनमध्ये भारतातलं सिम होतं, ते इथे चालत नव्हतं. मी अंदाज बांधला. वसईची बाई, बारा वाजलेले, जवळच चर्च. ती तिथेच असणार. धावत चर्चमध्ये गेले. जुन्या आगीत होरपळलेल्या भिंती, काळवंडलेले खांब, मेणाचा वास. मेणाच्या वासाने क्षणभर धीर आला. बाकांवर गुडघे टेकलेल्या बायका होत्या. प्रत्येक ओळीच्या टोकाशी जाऊन मी चेहरे पाहिले. त्यांच्यात आई नव्हती.

बाहेर पोलीस उभा होता. त्याला इंग्रजी येत होतं, तो शांत होता. त्याने वय विचारलं, उंची विचारली, भाषा विचारली. अंगावर काय आहे, हे विचारलं. मी म्हणाले, काळा कोट. तो चौकाकडे वळला आणि बराच वेळ बघत राहिला. त्या वेळी मला कळलं की जत्रेत लांबून ओळखू येईल असा एकच रंग आईच्या अंगावर होता आणि तो मी माझ्या हाताने झाकला होता.

भीती दोन होत्या. एक ती हरवल्याची. दुसरी, ती हरवली नसल्याची. ती स्वतःहून कुठेतरी चालती झाली असेल, ही. परत जाणारं विमान कुठून सुटतं, हा प्रश्न आता पुन्हा ऐकू येत होता. मेट्रोचा जिना चौकाच्या कडेलाच होता आणि त्यातून माणसं सतत खाली जात होती. संध्याकाळच्या विमानात तीन जागा होत्या. मी पुन्हा चौकात शिरले.

मग खांबाच्या पायाशी गर्दी दिसली. माणसांचं कडं. काही जण हात वर करून फोन धरून होते. अपघात झाला की माणसं अशीच उभी राहतात. सेराला ओढत मी त्या दिशेने गेले, खांदे बाजूला केले, कुणीतरी काहीतरी बोललं. पुढच्या दोन माणसांच्या मधून लाल रंग दिसला.

आई खांबाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती. कोट काढून तिने हातावर घेतला होता. नऊवारी लाल लुगडं, कासोटा, गळ्यात माळ, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. वारा होता. समोरची माणसं तिचे फोटो काढत होती आणि ती त्यांच्या डोक्यांवरून, ओळीने, सगळा चौक बघत होती.

मी काय बोलले ते आठवत नाही. तिचं आठवतं. "त्या कोटात मी मलासुद्धा सापडले नसते," ती म्हणाली.

घंटा झाली तेव्हा ती थांबली होती. प्रार्थना संपेपर्यंत छत्रीवाल्या गाइडमागून सहलीचा घोळका आला आणि त्याने तिला बाजूला लोटलं. आम्ही दिसेनाशा झालो. तेव्हा तिने चौकाचा मध्य शोधला, पायऱ्या शोधल्या, आणि कोट काढला. हे तिने नंतर सांगितलं, रेशनच्या रांगेत काय झालं ते सांगावं तसं. वर म्हणाली, "घंटा या पोर्तुगीजांनीच आपल्याला दिली ना? मग यांच्यातलं कुणी थांबत का नाही?"

मी कोट उलगडला आणि तिच्या खांद्यावर टाकायला गेले. तिने माझा हात धरला.

"आधी जागा सांग."

कसली जागा, मी विचारलं.

"तुमच्या गावात. तिथे चुकामूक झाली तर मी कुठे उभी राहू? ते सांग, मग कोट घालते. नाहीतर मी इथेच बरी आहे. इथे निदान पायऱ्या आहेत."

ती थट्टा करत नव्हती. विमानाला अजून वेळ होता, पण ती पायरीवरून उतरणार नाही हे मला दिसत होतं. वाडीतल्या खुरसाइतकीच ती तिथे पक्की उभी होती. मी आमच्या राहण्याची जागा डोळ्यांपुढे आणली. हॅलिफॅक्सच्या बंदरापलीकडच्या डार्टमथचा उपनगरी रस्ता, एकसारखी घरं, गराजची दारं, बसचा थांबा, मॉलचं पार्किंग. बरीच वर्षं तिथे काढली होती. त्यातली एकही जागा अशी नव्हती, की दोन माणसं न ठरवता तिथे पोचतील. मी मॉलचं नाव घेतलं. आईने विचारलं, त्याला मध्य आहे का?

सेराने आजीच्या लुगड्याचा काठ धरला होता. तिने मान वर केली. "द ग्रँड परेड, आजी. देअर आर स्टेप्स. ॲंड अ गन गोज ऑफ ॲट नून, एव्हरीबडी हिअर्स इट." शाळेच्या सहलीला ती तिथे गेली होती. मी आईला मराठीत सांगितलं.

"बाराला?" आईने विचारलं.

"बाराला," सेरा मराठीत म्हणाली.

आईने कोट घातला. बटणं लावू दिली नाहीत. मेट्रोत, विमानतळावर, टोरांटोच्या रांगेत आणि हॅलिफॅक्सला उतरल्यावर बर्फाळ वाऱ्यातही तो कोट उघडाच होता. आतला लाल रंग सगळ्यांना दिसत होता.

त्यानंतर इथला शनिवार तिचा झाला. डार्टमथहून फेरीबोटीने ती आणि सेरा बंदर ओलांडत. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास, सीगलचा कलकलाट, वाफाळलेल्या काचा. मग चढ चढून चौक. पहिल्या दिवशी तोफ उडाली तेव्हा आईने छातीवर हात ठेवला, मग क्रुसाची खूण केली. घंटा असो की तोफ, म्हणाली, बारा म्हणजे बारा. प्रार्थना झाली की चिप ट्रकवरचे फ्राइज. व्हिनेगर शिंपडलेल्या बटाट्यांचा तो वास तिला इंद्यालच्या पातेल्यासारखा वाटे. सेरा आपला वाटा संपवून आजीच्या कागदात हात घाली. आजी मराठीत दटावी, नात इंग्रजीत उत्तर देई, दोघींचं कधी अडलं नाही. मी बहुतेक शनिवारी कामावर असे. तिथे काय बोलणं होई ते मला ठाऊक नाही. त्या चौकाला दोघी खुरीस म्हणत, एवढं ठाऊक होतं.

वाडीतला खुरीस रस्ता रुंद करताना कडेला सरकवला आहे. भावाने फोटो पाठवला होता. तो आता एका मोबाइलच्या दुकानाला चिकटून उभा आहे. पायरी एकच उरली आहे.

आई तीन हिवाळ्यांपूर्वी गेली. लुगडं कपाटात राहिलं. आज सकाळी ते काढलं. नेसता येत नाही, म्हणून चौपदरी घडी करून शालीसारखं खांद्यांवर घेतलं आणि वरून कोट घातला. माझाही कोट काळाच आहे. इथे सगळ्यांचा असतो.

तोफ उडाली. कबुतरं उडाली. क्रेनवरच्या माणसांनी हात थांबवले नाहीत. मी उभ्या जागी प्रार्थना म्हटली. पूर्ण आठवली नाही, आठवली तेवढी म्हटली. चौकात जेवणाच्या सुट्टीची माणसं आली आहेत, ऑफिसांतून, दुकानांतून, कपडे काळे, करडे, निळे. तोफेचा आवाज बंदराकडे गेला आणि संपला.

चर्चच्या बाजूने सेरा आली. केस कापले आहेत. बारीक झाली आहे. हातात छोटी चाकांची बॅग आहे आणि ती फोनमध्ये वेळ बघते आहे. तिने चौकभर नजर फिरवली. नजर माझ्यावरून गेली आणि पुढे गेली. ती सिटी हॉलपर्यंत चालत गेली, वळली, पुन्हा फोन पाहिला. बॅगेचं हँडल तिने बस-थांब्याच्या दिशेने फिरवलं.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पाय उचलला असता तर चार उड्यांत पोचले असते.

मी कोटाची बटणं काढली. बोटं थंडीने वळत नव्हती, वेळ लागला. कोट काढून हातावर घेतला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर चढले. वारा लुगड्यात शिरला.

सेरा थांबली. चाकांचा आवाजही थांबला. ती तिथून हलेना, आणि मला हलायचं नव्हतं. मग बॅग तिथेच टाकून ती चौक आडवा कापत आली, माणसांना चुकवत, लहानपणी लिस्बनच्या त्या लाटांवर टाकली होती तशी मोठी पावलं टाकत. पायरीशी येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं, ती लुगड्याकडे बघत होती. काठ तिने दोन बोटांत धरला.

"कोट घाल, ममा," ती म्हणाली. मराठीत.

मी घातला. बटणं लावली नाहीत.